आधी पाहुणे

लीगमधून बाहेर पडायची हौस मेल्विनसरांची नव्हती, पण निस्तरणं मात्र त्यांच्याच गळ्यात आलं. कतारमधल्या अल वक्र्यातल्या एका भारतीय कॉलेजच्या प्राचार्या रत्नप्रभाबाई एका पेनल्टीवरून लीगवाल्यांशी कडाकडा भांडल्या आणि आपल्या स्पोर्ट्सच्या सरांना म्हणाल्या, "आजपासून आपली टीम स्वतंत्र! मॅचेस तुम्ही जमवा. सीझन अर्धवट राहिला तर फुटबॉल खलास, आणि तुम्ही लायब्ररीत."

आता लीग नाही, पॉइंट नाहीत, कप नाही, मग फुकट घाम गाळायला येणार कोण? मेल्विनसर फोन करकरून थकले. शेवटी त्यांची बायको आग्नेस म्हणाली, "जेवायला बोलव ना. वसईत आपल्या दारातून कोण उपाशी गेलाय?"

झालं! वसईकडचे मैद्याचे तळलेले फुगे आणि चिकनचा रस्सा ही बातमी पार बिरकत अल अवामेर भागातल्या कामगार कॅम्पपर्यंत पोचली आणि टीमची रांगच लागली. कॉलेज दर शुक्रवारी इमानेइतबारे हरत होतं, पण सीझन पुढे सरकत होता. फक्त आग्नेसचा घरचा कायदा कडक होता. आधी पाहुणे, मग घरचे. आणि पाहुणे असे तुटून पडायचे, की कॉलेजच्या पोरांच्या ताटात रस्स्याचा नुसता रंग यायचा.

शेवटची मॅच कॅम्पच्या टीमशी होती. रत्नप्रभाबाई स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या. सरांनी पोरं मोजली, तर निम्मी गायब! पलीकडे पाहतात तर कॉलेजचाच अलेक्स आणि मंडळी कॅम्पची पिवळी जर्सी घालून उभी.

"अलेक्स! लाज वाटते का जराशी?"

"सॉरी सर. बट आज आम्ही गेस्ट. सीरियसली, भूक लागते."

मेल्विनसरांनी पुन्हा एकदा पोरं मोजली. सगळा सीझन ओढत आणला आणि शेवटच्या दिवशी हे! कॅम्पचा कप्तान जाफर रत्नागिरीचा. तो जवळ येऊन म्हणाला, "टेन्शन नका घेऊ सर. तुमची पोरं आमच्याकडं, आमची माणसं तुमच्याकडं. यल्ला, चला! वहिनींना मात्र सांगून ठेवा, आम्ही पाहुणेच हां."

जाफर आणि त्याचे वेल्डर कॉलेजच्या निळ्या जर्सीत उतरले आणि कॉलेज त्या सीझनमध्ये पहिल्यांदा जिंकलं. बाई खूश! त्यांनी कौतुकाने जाफरला विचारलं, "कितवं वर्ष रे तुझं?"

"एकोणिसावं, मॅडम," जाफर टक्कल पुसत म्हणाला. "कतारात."

बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "जिंकलो ना? मग पुढच्या वर्षीही टीम राहणार, सर." मेल्विनसरांना रडू फुटायचंच बाकी होतं. सुटलो एकदाचा!

तेवढ्यात अलेक्सची टोळी पातेल्याकडे धावली. आग्नेसने पळी आडवी धरली. "जर्सी बदलली म्हणून थोबाड बदलतं काय रे? घरचे ते घरचे. मागे व्हा!" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि मेल्विन, मी एकटी नाय मरणार आता. कांदे कापायला, फुगे तळायला मला कायमची माणसं पाहिजेत. तळता तळता खाल्लं तरी चालेल. कोण येतंय?"

अलेक्सचा हात वर गेला. मग दुसरा, तिसरा. बघता बघता कॉलेजची अख्खी टीम, गोलकीपरसकट, हात वर करून उभी राहिली.

"अरे, मग खेळणार कोण?" मेल्विनसर कळवळून ओरडले.

सगळे कांद्याच्या पोत्याकडे निघाले होते.