मुकादमभाई आणि खुलं कपाट

महाडच्या एसटी स्टँडवर एकदा आम्ही फलाटभर माणसं पोलादपूरच्या गाडीची वाट बघत उभे होतो. गाडी रद्द झाल्याचं कंट्रोलरने भोंग्यावरून सांगितलं, परत एकदा सांगितलं, लोक त्याला शिव्या देऊनही मोकळे झाले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. बघतो तर मुकादमभाई. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "पोलादपूरची गाडी रद्द झालीय. आपल्यातच ठेवा."

मी आपल्यातच ठेवलं. दुसरं काय करणार?

मुकादमभाई सगळं असंच सांगत. कांदा उतरला हे कानात, पाऊस थांबला हे कानात. दाढीला नवी मेंदी लावली की तीसुद्धा कानात सांगत. मेंदी समोर लालभडक दिसत असे, पण त्याला इलाज नव्हता.

कुवेतमध्ये बरीच वर्षं काढून परत आल्यावर त्यांनी बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं. मी तेव्हा एका औषध कंपनीची बॅग घेऊन पाचाडपासून पोलादपूरपर्यंतच्या डॉक्टरांकडे हिंडत असे. आमची ओळख झाली ती नळाच्या वॉशरवरून. मी वॉशर मागितला. मुकादमभाई काउंटरवरून वाकले.

"नळ गळतो?"

"हो," मी म्हणालो. माझाही आवाज आपोआप खाली आला होता.

"कधीपासून?"

"आठवडा झाला."

"कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. हा लावा."

घरी येऊन मी बायकोला हळूच सांगितलं की आपला नळ गळतोय. ती म्हणाली, "मला माहीत आहे. खाली बादली कुणी लावली?"

असा हा माणूस आमच्या संस्थेचा विश्वस्त होता, आणि संस्थेचं नाव होतं 'खुलं कपाट'.

संस्था काढली कांबळेबाईंनी. बाई पोलादपूरच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायच्या आणि राहायला महाडला होत्या. माहिती नसल्यामुळे माणसं अडतात, हे त्या शाळेत रोज बघत. कुणाला शिष्यवृत्तीचा पत्ता नसतो, कुणाला भातावरच्या रोगाचं औषध कळत नाही. तेव्हा पुस्तकं, सरकारी योजनांची पत्रकं, जुन्या प्रश्नपत्रिका असं सगळं एका खोलीत मांडायचं आणि कुणीही येऊन वाचावं, उतरवून न्यावं, असं त्यांच्या मनात होतं. वर्गणी नाही, शिफारस नाही, कुलूप तर नाहीच. मी त्यांच्या ओळखीचा म्हणून आलो. आणि मुकादमभाई आले, कारण दुकानावरची खोली त्यांनी फुकट दिली. वर एक लोखंडी कपाटही दिलं. बाईंनी कुलपाबद्दल सांगितल्यावर त्यांनी स्वतः स्क्रू सोडवून कपाटाची दारंच काढून ठेवली. महाडात सगळ्यात जास्त कुलपं विकणाऱ्या माणसाने हे केलं, आणि वर आम्हाला म्हणाले, "दारं काढलीत. आपल्यातच ठेवा."

उद्घाटन पुढच्या रविवारवर आलं आणि घोडं ब्रीदवाक्याशी अडलं. पेंटरने बोर्डावर संस्थेचं नाव रंगवलं होतं, त्याखाली एका ओळीची जागा सोडली होती, आणि तो रस्त्यात दिसेल तिथे विचारत होता, "ओळ ठरली काय?"

मी सुचवलं, 'ज्ञानाची दारे सर्वांस खुली.' बाई म्हणाल्या, "रेशनच्या दुकानावरची पाटी वाटते. शिवाय आपल्या कपाटाला दारं आहेत कुठे?"

मुकादमभाईंनी सुचवलं, 'माहितगारांनी आत यावे.'

"अहो, ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठीच तर काढलंय," बाई म्हणाल्या.

"मग 'आत चौकशी करावी' लिहा. 'आवाज न करता' हे बारीक अक्षरात."

शेवटी ठरलं की चार लोकांना विचारून बघू. ते काम मुकादमभाईंनी मागून घेतलं. हा माणूस चार लोकांना विचारणार म्हणजे चौघांनाही पत्ता लागणार नाही, अशी माझी खात्री होती.

दोन दिवसांनी मी पाचाडला गेलो. दवाखान्याशेजारच्या खाणावळीत जेवायला बसलो, तर खाणावळवाल्या काकू भात वाढता वाढता वाकल्या आणि कुजबुजल्या, "तुमच्या कपाटाला वाक्य पायजेल हाय म्हनं. 'फुकाट हाय, लाजू नका' असं लिवा. पन आपल्यातच ठेवा, कुनाला बोलायचं नाय."

संध्याकाळी पोलादपूरला महाबळेश्वरच्या फाट्यावर उभा होतो. एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मला जवळ बोलावलं. "'वाचा, पर फाडू नका' कसं वाटतंय?" त्यानेही कुणाला सांगू नका म्हणून बजावलं. माझ्या एका डॉक्टरने मला आत बोलावून दरवाजा लोटून घेतला. मला वाटलं मोठी ऑर्डर मिळतेय. त्याने खिशातून चार ओळींची कविता काढली.

आम्ही लावलेली उद्घाटनाची छापील पत्रकं कुणी वाचली नव्हती. पण मुकादमभाईंनी ज्याला ज्याला कुणाला सांगू नका म्हटलं, त्याने ते इमानदारीने दुसऱ्याला तसंच बजावून सांगितलं होतं. आठवड्याभरात दोन्ही तालुक्यांत 'खुलं कपाट' ही चीज माहीत नसलेला माणूस उरला नाही.

शुक्रवारी आम्ही तिघं वरच्या खोलीत बसलो. कांबळेबाईंनी त्यांची ओळ वाचून दाखवली. 'ज्ञान पाण्यासारखं, सगळ्यांचं.'

महाडच्या माणसाला पाणी सगळ्यांचं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. मी लगेच मान डोलावली. पेंटरला हाक मारायला उठलो, तर मुकादमभाई तसेच बसून होते.

"वाक्य चांगलं आहे, बाई," ते म्हणाले. "पण पाणी पिऊन माणूस निघून जातो."

"मग त्याने काय करावं?"

"बसावं जरा."

मुकादमभाई खिडकीतून खाली आपल्या दुकानाच्या पायरीकडे बघत राहिले.

"मी परत आलो तेव्हा मुलं मुंबईला गेलेली," ते म्हणाले. "मरियम, माझी बायको, त्याच्या आदल्या वर्षीच वारली. दुकानात माणसं यायची, खिळे घ्यायची, चालू पडायची. दिवसभर गर्दी आणि बोलणं काय, तर मापाचं, इंच आणि सूत. एकदा एका गिऱ्हाईकाला मी असंच हळू आवाजात काहीतरी सांगितलं. तो ऐकायला जवळ आला, स्टूल ओढून बसला. चहा घेतला. अर्धा तास बसला." ते जरा हसले. "मोठ्याने सांगितलेलं माणूस उभ्याने ऐकतो, बाई. हळू सांगितलं की बसतो."

कांबळेबाईंनी कागद पुढे ओढला आणि आपल्या ओळीखाली आणखी तीन शब्द लिहिले. कागद त्यांनी मुकादमभाईंसमोर सरकवला. ते बराच वेळ वाचत होते. तीन शब्दांना एवढा वेळ लागत नाही.

'ज्ञान पाण्यासारखं, सगळ्यांचं. या, बसा, विचारा.'

पेंटर वैतागला. त्याने एका ओळीची जागा सोडली होती. 'विचारा' त्याने एवढं बारीक काढलं की ते वाचायला खरंच जवळ यावं लागे.

रविवारी नुसती रीघ लागली. बसायला जागा पुरेना, तेव्हा मुकादमभाईंनी दुकानातले रंगाचे रिकामे डबे उपडे घालून वर नेले. दुपारी शिवथरची एक तरुण बाई सासूला घेऊन आली. नाव सुनंदा. कपाटापुढे ती उगाच एक एक पुस्तक बघत राहिली. शेवटी तिने कांबळेबाईंना विचारलं, "कुवेतचं पुस्तक हाय काय? आमचे हे गेल्या म्हयन्यात गेलं."

पुस्तक नव्हतं. बाईंनी मुकादमभाईंकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याकडून गावभरच्या गोष्टी कानात ऐकल्या होत्या, पण कुवेतबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

"चाचा, तुमी व्हतांव तिकडं?" सुनंदाने विचारलं. "यांचा फोन येत नाय. आमच्या गावच्या दुकानातल्या फोनापाशी बसून बसून मी परत येतंय."

मुकादमभाई एका डब्यावर बसले.

"शुक्रवारी सुट्टी असते," ते म्हणाले. आवाज साधा होता, खोलीभर ऐकू जाईल असा. "त्या दिवशी सगळेच फोन लावायला येतात. रांग लागते. नंबर आला की लाईन लागत नाही. लागली नाही की मागचे ढकलतात, मग परत रांगेच्या शेवटी. कधी कधी अख्खा शुक्रवार जातो. फोन आला नाही म्हणून विसरला, असं समजायचं नाही."

सुनंदाची सासू म्हणाली, "बघ गो, मी सांगत व्हते."

"आमच्या घरी हे सांगायला कुणी नव्हतं," मुकादमभाई म्हणाले. "ती समजायची, मी विसरलो."

सुनंदाने पदर सारखा केला आणि समोरच्या डब्यावर बसली. खोलीतली माणसं हातातली पुस्तकं मिटून ऐकत होती.

"आन् जेवायला काय भेटतं तिकडं?" तिने विचारलं. "यांना भाताबिगर चालत नाय."

मुकादमभाईंना हसू फुटलं. "भात?" ते म्हणाले, आणि बाही वर सारून सुरुवातीपासून सांगायला लागले.