इग्रीजियस मोठ्या बाई

"असा शब्द टाकलाय, की मोठ्या बाई जन्मभर विसरणार नाहीत!" शाळेचे हेडक्लार्क बायकोला म्हणाले. आणि ते अगदी खरं ठरलं.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निवृत्त होत होत्या. त्यांना द्यायच्या पितळी पाटीवरचा इंग्रजी मजकूर हेडक्लार्कांकडे होता. 'उत्तम', 'आदर्श' हे शब्द त्यांना वापरून वापरून झिजलेल्या साबणासारखे वाटत. त्यांनी आजोबांच्या वेळचा शब्दकोश झटकला आणि 'इग्रीजियस' हे विशेषण हुडकून काढलं. अर्थ दिला होता: चारचौघांत उठून दिसणारा, नामांकित. वा! पाटीवर कोरून आलं, 'आमच्या इग्रीजियस मुख्याध्यापिकेस'.

समारंभाला सभागृह गच्च भरलं. इंग्रजीच्या मास्तरांनी पाटी वाचायला घेतली आणि मध्येच थांबले.

"अहो, वाचा ना मोठ्यानं!" हेडक्लार्क खालून ओरडले.

मास्तरांनी डोळे मिटून वाचलं. पुढच्या रांगेतल्या दोन शिक्षिकांनी तोंडावर हात ठेवला. संस्थेचे अध्यक्ष चिटणिसांना म्हणाले, "म्हणजे काय हो?" चिटणिसांनी मोबाइलमध्ये पाहिलं. त्यांना हळू बोलणं मुळी ठाऊकच नव्हतं!

"अत्यंत वाईट! धक्का बसावा इतकं वाईट!"

 हेडक्लार्क ताडकन उभे राहिले.

"जुना आहे! अर्थ जुना आहे!" ते किंचाळले.

"म्हणजे राग जुनाच आहे म्हणा की!" अध्यक्ष गरजले. "उद्या भेटा मला!"

हेडक्लार्कांची बायको पर्स उचलून चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.

तेवढ्यात मोठ्या बाईंनी माइक घेतला. "अहो, पूर्वी या शब्दाचा अर्थ चांगलाच होता. केवढा यांचा अभ्यास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनीही नाइलाजाने दोन वाजवल्या.

नंतर हेडक्लार्कांनी बाईंना ऑफिसात गाठलं. "बाई, तुम्हालाही जुना अर्थ माहीत होता म्हणून वाचलो!"

"कसला जुना अर्थ? तुम्ही ओरडलात, तेच धरून ठोकून दिलं मी!"

"ऑं? पण का?"

बाईंचे डोळे पाणावले. "अहो, बावीस वर्षं नुसतं 'हो बाई, बरं बाई' करत होतात. आज एकदाचं मनातलं बोललात, तेही पितळेवर कोरून! मला कौतुकच वाटलं तुमचं. अगदी मनातलंच होतं ना?"

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. खरं सांगावं, तर बाईंचं ते कौतुक पार मातीत जाणार होतं.

"हो बाई," ते म्हणाले.