दातांच्या डॉक्टरांचं शेवाळ

"माझ्या दवाखान्यात दाताला कीड टिकत नाही, तिथे शेवाळाची काय बिशाद!" माशांची टाकी आणली त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांनी जाहीर करून टाकलं. पेशंटची भीती जावी म्हणून टाकी बाहेरच्या खोलीत, बाकासमोर ठेवली. दिवा दिवसभर चालू. खाद्याची डबी शेजारीच. येईल तो चिमूटभर टाकून जाई. मासे सुखावले.

तिसऱ्या आठवड्यात शेवाळही सुखावलं! काचेवर असा हिरवा थर चढला की मासे आहेत की गेले, हे बघायला डॉक्टरांना काचेला नाक लावावं लागे. शेवटी त्यांनी टाकी विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला.

"दिवा किती तास असतो?" दुकानदाराने विचारलं.

"असतो थोडा वेळ."

"आणि खाणं?"

"दिवसातून एकदा. अगदी चिमूटभर!"

दुकानदार हसला. "रात्री ब्रश करता का, असं तुम्ही विचारता ना, तेव्हा मीही असंच सांगतो! टाकी नवीन आहे, डॉक्टर. दिवा कमी करा, खाणं कमी करा, थोडं थोडं पाणी बदला आणि स्वस्थ बसा."

स्वस्थ बसायला सवड कुठे होती? शनिवारी सासूबाई कवळीचं माप द्यायला येणार होत्या! लग्नाला अकरा वर्षं झाली, पण दात दुखला की त्या समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरांकडे जात. बायकोने महिनाभर आईची मनधरणी केली, तेव्हा कुठे हा दिवस उगवला होता. "अहो, या वेळी काही भलतंसलतं करू नका," एवढंच तिचं मागणं होतं.

शनिवारी आतल्या पेशंटला इंजेक्शन दिलं. गाल बधिर व्हायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: शेवाळ म्हणजे काचेवरचं कीटणच की! आणि कीटण काढण्यात त्यांचा हात कोण धरणार? कीटण खरवडायची जुनी आकडी काढली, कोपरे दिसावेत म्हणून दांड्याचा बारका आरसा उचलला, बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात! खर्रर्र! थर सोलून निघू लागला. डॉक्टर इतके रंगले की माशांनाच म्हणाले, "शाब्बास! दुखलं तर सांगा हं."

"जावईबापू?"

दारात सासूबाई. मागे कपाळाला हात लावलेली बायको.

"हेच घालता का माणसांच्या तोंडात?"

"छे छे, आई! ही टाकाऊ अवजारं. पेशंटची सगळी वेगळी, आत, उकळून ठेवलेली!"

सासूबाई जरा निवल्या. बाकावर टेकल्या. "बघा तर मग," म्हणत हिरड्या दाखवायला त्यांनी चक्क तोंड उघडलं. अकरा वर्षांनी! डॉक्टरांना भरूनच आलं.

इतक्यात मदतनीस बाईंनी आतून डोकं काढलं.

"डॉक्टर, आपला बारका आरसा कुठे सापडेना हो! पेशंट केव्हाचे आ करून बसलेत... अय्या, पाण्यात होय! द्या इकडे, पुसून घेते."

सासूबाईंनी तोंड मिटलं. त्या दवाखान्यात ते आजतागायत उघडलेलं नाही.