तिखट खाणाऱ्या मुलीसाठी पुस्तक

आमच्या समोर राहणाऱ्या भास्करनानांना हातात लाल पेन्सिल असल्याशिवाय पुस्तक वाचता येत नाही. आणि वाचतात काय, तर चेटकिणी, उडते घोडे, शापित राजपुत्र. एका कादंबरीत राक्षस अख्खा डोंगर उचलून समुद्रात फेकतो. त्या पानाच्या समासात नानांनी लिहिलंय, 'खालच्या गावांना नोटीस दिली होती काय?'

पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात, कालव्यांच्या काठानं काढली की माणसाचं असं होत असावं. मूळ गाव दोंडाईच्याकडचं, नोकरी धुळ्यात आणि जळगावात, निवृत्तीनंतर इथे जळगावातच घर बांधलं. एरवी बोलणं शहरी, पण जोर चढला की अहिराणी. कुठलीही अद्भुत गोष्ट त्यांना सांगा. शेवटपर्यंत शांतपणे ऐकतील आणि विचारतील, "बठ्ठं ठीक शे. पन पानी कोठून उनं?" म्हणजे, सगळं ठीक, पण पाणी आलं कुठून?

माझी मुलगी रेवा नववीत आहे आणि पुस्तकाला हात लावायचा तर तो फक्त उचलून बाजूला ठेवण्यासाठी, असा तिचा नियम होता. मी थोरांची चरित्रं आणली. बोधकथा आणल्या. वाढदिवसाला आणलेल्या जाड पुस्तकाचा उपयोग तिनं हलणाऱ्या टेबलाखाली केला. टेबल हलायचं थांबलं, एवढंच.

हे गाऱ्हाणं मी एकदा फाटकापाशी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, चुकताय तुम्ही. खरं तिला शाळेत पुरतं. घरी खोटं वाचायला द्या. चांगलं, दणदणीत खोटं."

दुसऱ्याच दिवशी ते वही घेऊन रेवाची मुलाखत घ्यायला आले.

"शेवभाजी कशी खातेस? झणझणीत की बेताची?"

"झणझणीत."

नानांनी नोंद केली. "म्हणजे पहिल्या दहा पानांत कुणीतरी मेलं पाहिजे. रडतेस लवकर?"

"नाही."

"मग घोडा मेला तरी चालेल. भाऊ-बहीण?"

"कुणी नाही."

"हं. म्हणजे दोघी मैत्रिणी लागतील. एक भांडखोर."

रेवा माझ्याकडे बघून डोळे फिरवत होती. नाना वही मिटून गेले आणि संध्याकाळी पहिलं पुस्तक देऊन गेले. ते दोन दिवसांत परत गेलं. "बोअर आहे," रेवानं तोंडावर सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण नानांचा चेहरा जराही उतरला नाही. "जमीन मानवली नाही. पीक बदलू." दुसऱ्या पुस्तकात बोलणारं अस्वल होतं. तेही परत. "मी काय लहान आहे का?"

मग नाना गायब झाले. धुळ्याला पुस्तक प्रदर्शन लागलं होतं, तिथे सकाळच्या एसटीनं गेले. संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून एक पुस्तक घेऊन परतले. लगेच दिलं मात्र नाही. "आधी मी तपासतो," म्हणाले आणि आठवडाभर ठेवून घेतलं.

ते पुस्तक हवेत तरंगणाऱ्या एका शहराचं होतं. रेवानं ते उघडलं ते गोष्टीसाठी नाही, नानांच्या लाल पेन्सिलीसाठी. पहिल्या समासात होतं, 'शहर तरंगते. पायाचा खर्च वाचला.' पुढे, 'राणी सात दिवस रडते. मग जेवते केव्हा?' रेवा खिदळत मला एकेक वाचून दाखवत होती. मग एका पानावर आलं, 'तीनशे सैनिक, चाळीस हत्ती, नदी एकही नाही. पानी कोठून उनं?' यावर ती हसली नाही. मागची चार पानं उलटली. पुढची दहा वाचली. जेवायला बोलावलं तर "थांब ना!" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर टाकून, एका पायात माझी चप्पल आणि एका पायात स्वतःची घालून, समोरच्या फाटकात.

"नाना, तुम्ही नीट वाचलंच नाही! एकशे बारावं पान बघा. ते ढग पिळतात!"

"कशानं?"

"खालून कापड लावून."

"मग गळती किती जाते?"

"जादूचं कापड आहे ते!"

"जादूच्या कापडाला पण शिवण असते, पोरी."

तासभर भांडण चाललं. येताना रेवाच्या हातात पुढचं पुस्तक होतं. त्यानंतर हा रोजचाच कार्यक्रम झाला. नानांना हरवायचं तर पुस्तक पूर्ण वाचणं भाग होतं, आणि रेवाला हरणं माहीत नाही. वर्षभरात तिनं नानांचं निम्मं कपाट रिकामं केलं. माझं टेबल पुन्हा हलायला लागलं.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी मी आंब्याचा रस द्यायला नानांकडे गेले, तेव्हा रेवा तिथेच होती. दोघांच्या मध्ये टीपॉयवर ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं एक पुस्तक होतं. त्याच्या अर्ध्यातून एसटीचं जुनं तिकीट डोकावत होतं.

"हे अक्काचं," नाना मला म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली. "कपाट तिचंच सगळं. ती वाचायची आणि मी चेष्टा करायचो. राक्षसांची बाई म्हणायचो तिला. ती गेल्यावर एकेक काढून वाचायला बसलो. बठ्ठा वाची टाका. हे एवढंच राहिलं. ती जिथं थांबली, त्याच्यापुढचं पान मला उलटवत नाही."

रेवानं विचारलं, "मग मी वाचू? पुढे काय झालं ते सांगते तुम्हाला."

नानांनी मान डोलावली.

चार दिवस ती त्या पुस्तकाला चिकटून होती. तिकीट तिनं जागचं हलवलं नाही, स्वतःसाठी वहीचा कागद घातला. पाचव्या दिवशी तिच्याबरोबर मीही गेले. नाना दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, जणू कुणी पाहुणे येणार आहेत.

"तिकीट आहे तिथून सांगू ना?" रेवानं विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

"अक्कांनी निम्मी गोष्ट सांगितली नव्हती का तुम्हाला?"

"सांगितली होती ना. रोज सांगायची, भाकऱ्या करता करता." नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मीच ऐकत नव्हतो, माय."

रेवानं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि सुरुवात केली.