लपलेली धार

"माणसानं जन्मात एकदा तरी दरीतला लपलेला धबधबा बघावा. त्याशिवाय त्याला स्वतःची उंची कळत न्हाई!" एवढं बोलून वैजनाथराव एस.टी.तून उतरले, शेवटची पायरी चुकले आणि रस्त्यावर बसले. उठेपर्यंत गाडी निघून गेली होती, त्यामुळे आता माघारही नव्हती.

चाळीस वर्षांपूर्वी ते खर्ड्याला मुलगी बघायला गेले, तेव्हा पुष्पावतीनं विचारलं होतं, "तुमी काय काय बघितलंय?" त्यांनी तोवर नागापूरच्या वर्कशॉपातलं लेथ मशीन तेवढं बघितलं होतं. पण तिथला जोडीदार कल्याण हा डोंगरातल्या अकोले तालुक्यातला. तो डबा खाताना गावाजवळच्या लपलेल्या धारेचं वर्णन करायचा. वैजनाथरावांनी ती धार बेलाशक स्वतःच्या डोळ्यांनी पाहून टाकली. लग्न जमलं.

पुढं टँकरच्या रांगेत, लाइट गेल्यावर, पोरीच्या तापात पुष्पावतीबाई म्हणायच्या, "अवो, धार सांगा की." धार दरवर्षी हातभर वाढत गेली. सातव्या वर्षी तिच्यावर इंद्रधनुष्यही आलं. "दाखवा एकदा" म्हटलं, की रजा मिळत नसे. परवा नोकरीच संपली आणि बाईंनी दशम्या बांधल्या.

कल्याणच्या गावात पहिल्याच अंगणात लंकाबाई गोठा झाडत होती. वैजनाथरावांनी बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "मावशी, धार कुठं बघायला मिळंल?"

"आत्ता? सकाळीच काढली. सांजच्याला या."

"दुधाची न्हाई वो! ती उंचावरची."

"मंग तसं म्हना की!" तिनं झाडूनंच डोंगर दाखवला.

तासभर धापा टाकत दोघं वर पोचली. वर नुसता कडा आणि वारा. तिकडं डोंगराच्या सोंडेलाही धारच म्हणतात. पाण्याचा थेंब नाही, हे पाहून वैजनाथरावांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी चेहरा ताबडतोब दुःखी केला.

"आटली गं."

"भर श्रावणात? श्रावणात आमच्या खर्ड्यात आटतं, हितं न्हाई." बाईंनी कान टवकारले. "खाली काय घुमतंय?"

आणि पदर खोचून त्या घळीत उतरूही लागल्या. मागून वैजनाथराव, चाळीस वर्षांचं खोटं सांभाळत, एकेक दगड चाचपत. दोन कातळांमधून वळण घेतलं आणि दोघंही थांबली.

समोर धार होती. त्यांनी सांगितली होती त्याहून उंच. वर इंद्रधनुष्यसुद्धा होतं, त्यांनी पदरचं घातलेलं. वैजनाथरावांचे डोळे भरून आले. एवढ्या खऱ्या पाण्यासमोर खोटं टिकेना. बायकोपुढं जाऊन, हात जोडून ते ओरडले, "पुष्पा, मी ही आज पहिल्यांदाच बघतोय!"

"म्हाईत हाय," बाईही ओरडल्या. "कल्याणभावजींनी लग्नाच्या पंगतीतच सांगितलं हुतं. आता जरा बाजूला व्हा. मधीच उभं राहिलाय, काई दिसत न्हाई."