साखरेचा तपास

पांडुरंगरावांचा तिसरा रिपोर्टही वाईट आला, तेव्हा नवरा बाहेर गोड खातो याबद्दल कौमुदीबाईंना शंकाच उरली नाही. चार महिन्यांपासून घरात साखर नव्हती. चहा फिका, शिरा बंद, तरी शुगर आपली चढतीच.

"कुठं खाऊन राहिले?"

"कुठंच नाही." नव्या मंत्रालयातल्या आपल्या टेबलावरून अर्जदारांना देत तेवढंच उत्तर त्यांनी बायकोला दिलं.

शंकर नगरात कुणाच्या घरी काय शिजतंय हे वासावरून सांगणाऱ्या बाईला हे पटणं शक्य नव्हतं. धुण्यात नवऱ्याचा रुमाल सापडला, त्यावर लालसर डाग. गुलकंदाचं पान, त्यांनी ठरवून टाकलं. लग्नातला फोटो पर्समध्ये घालून त्या स्कूटीवर थेट सदर बाजारात गेल्या.

"भैया, ये आदमी आता है क्या?"

भैय्यालाल हलवायानं फोटो निरखला. "दीदी, ये तो दूल्हा है."

"अभी टकला है."

"ऐसे तो बहुत आते हैं."

पानठेल्यांसकट अकरा दुकानं झाली. कुणीच ओळखेना. सगळे फितूर आहेत, असं म्हणत त्यांनी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला डॉक्टर क्षमापुढे बसवलं आणि टेबलावर रुमाल ठेवला.

"हा घ्या पुरावा."

डॉक्टरीणबाईंनी रुमाल पाहिला. "काकू, हे रक्त आहे. काका, तोंड उघडा."

हिरड्या टम्म सुजलेल्या होत्या.

"काहून नाही सांगितलं?" कौमुदीबाईंचा आवाज एकदम उतरला.

"दातवाल्याची भीती वाटते मले."

"जंतूंशी लढणारी अंगातली फौज तिथं महिनोन्महिने लढून राहिली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशी लढाई थांबली नाही तर सूज साऱ्या अंगाला छळते, इन्सुलिनचं काम अडते. शुगर चढायचं हेही एक कारण. गोळ्या चालू ठेवा, पण आधी हिरड्या साफ करा."

कौमुदीबाईंनी नवऱ्याचा हात धरून हिरड्यांवर उपचार करवून घेतले. तीन महिन्यांनी शुगर बरीच उतरली. रिपोर्ट वाचून त्यांचे डोळे भरून आले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. उगाच शक घेतला तुमच्यावर."

पांडुरंगरावांनी रिपोर्टची घडी घातली. एवढी माफी त्यांना पेलवेना.

"उगाच नाही," ते हळूच म्हणाले. "तू सदर बाजारात शोधलं. मी पंडरीच्या बाजारात खात होतो."