मडक्यातलं राखजा

सर्पमित्राला फोन करायचा नाही, असं मी ठरवलं. एवढंच ठरवलं होतं. पुढचं सगळं त्यातून निघालं.

उन्हाळ्याचे दिवस. मी घरात एकटा. बायको रुखमा ऊर्जानगरला मुलीकडे गेली होती. दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर तांदळाच्या कोठीमागे साप. हातभर दिसत होता, उरलेला मागे होता. (गावात मी नाग सांगितला. धामण होती. इथे खोटं लिहून उपयोग नाही, प्रफुल्ल वाचेल.)

प्रफुल्ल म्हणजे आमच्या गावचा सर्पमित्र. मोहर्लीला वाघ बघायला येणाऱ्यांची जिप्सी चालवतो आणि फावल्या वेळात साप धरतो. धरला की फोटो काढून साऱ्या गावाला पाठवतो. फोटोत पुढे साप असतो, मागे खाटेवर चढलेला घरमालक. मला त्या फोटोत जायचं नव्हतं.

साप अंधारी जागा शोधतो. मडकं आडवं ठेवलं की आपोआप आत शिरतो. हे मला माहीत होतं. (प्रफुल्ललाच करताना पाहिलं होतं.) मडक्यासाठी मी रुखमाला फोन लावला. खाटेवरूनच लावला, पण तेव्हा फोटो काढायला कोणी नव्हतं.

"रिकामं मडकं कुठी हाय?"

"रिकामं नाई हाय. चुलीजवळ एक हाय. काऊन?"

"साप निघाला."

"अवो, मंग प्रफुल्लले बलवा ना."

"काही गरज नाई. मी पाहून घेतो."

"तुमाले समोरचा माणूस दिसत नाई, साप काय पाहता. चष्मा तरी लावा."

"तो कोठीवर हाय. तिथी साप हाय."

मग म्हणाली, "करा तुमच्या मनानं. पण मडक्यातलं राखजा."

फोन घरघरला आणि कटला. मला जे ऐकू आलं ते असं: मडक्यात राख. जा.

मी त्याचा अर्थ लावला. मडक्यात भांडी घासायची राख आहे, जा आणि घ्या. (बायकोने एका दमात परवानगी दिली, इथेच मला शंका यायला हवी होती.)

मडकं उचललं. जड लागलं. राख इतकी जड नसते, हे मला कळतं. पण डोळे सापावर होते. तोंड कोठीकडे, हात मागच्या अंगणाकडे, असं मी ते दारातून उलटं केलं. कोंबड्या धावत आल्या. कोंबड्या राखेत लोळतात. त्या दिवशी लोळत नव्हत्या, टिपत होत्या. मला वाटलं, बिचाऱ्या भुकेल्या असतील.

मडकं आडवं ठेवलं. अर्ध्या तासाने साप त्यात शिरला. मी तोंडावर परात दाबली, वर पाटा ठेवला, आणि मग प्रफुल्लला फोन केला. खुर्ची ओढून मडक्याजवळ बसलो. फोटो खुर्चीवरचा आला.

"नानाजी, एक नंबर रेस्क्यू केला तुमी," तो म्हणाला आणि साप जंगलात सोडायला घेऊन गेला.

शब्द मला आवडला. आमच्याकडे वाघाला पिंजऱ्यात घातलं की पेपरात रेस्क्यू छापून येतं. तेव्हा रेस्क्यू म्हणजे कोंडणे, असं मी धरून चाललो होतो. रुखमाला फोन करून सांगितलं, रेस्क्यू झाला, काळजी करू नको. शेजारच्या लटारूला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रुखमा आली. सोबत नात, रंजीता. नववीत आहे. रुखमा चुलीकडे गेली आणि मी ओसरीवर रंजीताला हकिगत सांगितली. शेवटी म्हणालो, "असा कोंडला. म्हणजे रेस्क्यू केला."

"आबाजी, रेस्क्यू म्हणजे कोंडणं नाई. वाचवणं."

"एकच झालं."

"एकच कसं होईन? वाचवणं, सोडवणं, सुटका करणं, तारणं, राखणं." तिने बोटांवर मोजले. समानार्थी शब्दांना शाळेत गुण असतात म्हणे.

"शेवटचा कोणता?"

"राखणं."

तेवढ्यात आतून रुखमाचा आवाज आला. "अजी, मडक्यातलं कुठी काढून ठेवलं?"

मी तीस वर्षं वनखात्याच्या रोपवनाची राखण केली. गुरं येऊ दिली नाहीत, कुऱ्हाड येऊ दिली नाही. पगार त्याच एका शब्दाचा खाल्ला. आणि बायको 'राखजा', म्हणजे जपून ठेवा, म्हणाली तर मला चुलीतली राख ऐकू आली.

"काय होतं त्याच्यात?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज उरली नव्हती.

"बरबटी. मायची."

कीड लागू नये म्हणून बायका बी राखेत ठेवतात. हे मला माहीत आहे. ही लाल बरबटी, म्हणजे चवळीच, तिच्या आईने लग्नात दिलेली. दरवर्षी पेरायची, दरवर्षी बी धरायचं. पोळ्याला तिचे वडे व्हायचे. मी बारा-बारा खायचो. बी कुठे असतं, हे एकदाही विचारलं नाही. यंदा मुलीला क्वार्टरमागे लावायला त्यातलं मूठभर जाणार होतं.

ती मागच्या अंगणात गेली. कोंबड्या सावलीत पडल्या होत्या, पोटं टम्म. तिने त्या पाहिल्या. मला वाटलं, आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. झाला असता तर बरं होतं.

"साप जित्ता सोडला ना?" तिने विचारलं.

"हो."

"बरं झालं. त्याले तरी वाचवलं."

तिने माहेरी फोन लावला. भावजय सोमारी म्हणाली, "आमी तं तीन सालापासून पाकिटाचं बी आणतो, बाई. मायची बरबटी तुमच्याचकडून मांगून आणाची होती."

रुखमा त्या रात्री जेवली. म्हणून मला जेववलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चाळणी घेऊन अंगणात बसलो. दोन दिवस राख-माती चाळली, काचांवर राख बसते म्हणून चष्मा काढून. अकरा बिया सापडल्या. राखेने पार करड्या झालेल्या. धुतल्या नाहीत, कोंब मरेल म्हणून. कुंपणाशी ओळीने पेरल्या, भोवती काटे लावले, रोज दोन वेळा पाणी घातलं. प्रफुल्लला बोलावून दाखवलं आणि सांगितलं, याला म्हणतात रेस्क्यू. त्याने माझा फोटो काढला, हातात तांब्या.

पंधरा दिवस झाले. काही वर येईना. शेवटी रुखमाला विचारलं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बकरीच्या लेंड्या कुठी उगवतात जी?"

लटारूची बकरी आमच्या अंगणात येऊन बसते.

"तुले कधी कळलं?"

"पेरल्या त्याच दिवशी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"कायले बोलू? तिथी दोडके लावाचे हायेत. खत पडलं होतं, अन् पाणी घालाले माणूसही भेटला होता."